द्राक्षं आंबटच बरी

आप्पांनी मणी तोंडात टाकला, दाताखाली फोडला आणि डोळे गच्च मिटले. मला वाटलं, आता थुंकणार. पण द्राक्षवाल्याची जीभ लगेच थुंकत नाही, आधी हिशेब करते. मणी या गालातून त्या गालात गेला. मग त्यांनी बिया तळहातावर काढून उन्हात धरल्या. तपकिरी झाल्या होत्या.

"पिकलंय की," ते म्हणाले. "पिकूनबी एवढं आंबट?"

2022 च्या सप्टेंबरची अखेर होती. आम्ही दक्षिण इंग्लंडच्या ससेक्समधल्या एका छोट्या द्राक्षमळ्यात तोडणीला गेलो होतो. इथले लहान मळेवाले तोडणीच्या दिवसांत हौशी लोकांना बोलावतात. दिवसभर घड कापायचे, दुपारी सूप-पाव, संध्याकाळी निघताना एक बाटली. मी गेली पाच-सहा वर्षं जाते. त्या वर्षी आप्पा आमच्याकडे आले होते, म्हणून त्यांनाही नेलं. निफाड तालुक्यात त्यांची चाळीस वर्षं द्राक्षात गेली आहेत. घरी ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली, त्यामुळे ते इथे देहाने होते, मनाने बागेत. मळ्यात पाय ठेवल्यावर पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

पण तो फार वेळ टिकला नाही. आमच्याकडे घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही, कारण वरची पांढरी लव पुसली गेली की माल निर्यातीतून बाद. इथे मंडळी गप्पा मारत घड कापत होती आणि बादलीत टाकत होती. आप्पांना ते बघवेना. ते आपले प्रत्येक घड देठाला धरून, बाळ पाळण्यात ठेवावं तसा ठेवत होते. शेवटी मळेवाल्या बाईंनी मला विचारलं, तुझे वडील काय करतात? मी सांगितलं. बाई आत गेल्या आणि रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायची नळी, घेऊन आल्या.

या बाईंना मराठी येत नव्हतं, आप्पांना इंग्रजी. तरी पुढची दहा मिनिटं दोघांना माझी गरज पडली नाही. बाईंनी काचेवर रसाचा थेंब सोडला, आप्पांनी नळी उजेडाकडे करून डोळा लावला. "साडेसतरा." त्यांनी नळी परत दिली आणि माझ्याकडे वळून जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाले, "अगं, गोडी तर आपल्या मालाएवढीच आहे!"

साखर तेवढीच होती, आंबटपणा मात्र कितीतरी जास्त. आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षाला साडेसतरा ब्रिक्स, म्हणजे तेवढी साखर, आली की आंबट उतरून गेलेलं असतं, तोंडात नुसता गोडवा. इथे उत्तरेत उन्हाळा कोमट आणि लांबलचक, रात्री गार. साखर हळूहळू चढते आणि आंबट जायचं नाव घेत नाही. बाजारात हा माल कुणी फुकट नेणार नाही. पण शॅम्पेनसारख्या फसफसणाऱ्या वाईनला नेमकं हेच द्राक्ष लागतं.

परतताना गाडीत आप्पांनी विचारलं, "तिकडं फ्रान्सवाल्यांच्या मालापुढं हिचा माल टिकतो का?"

आप्पा माळकरी. वाईन त्यांनी आयुष्यात ओठाला लावलेली नाही, लावणारही नाहीत. पण भाव कुणाच्या मालाला आणि का, हा प्रश्न त्यांना कुठल्याही पिकाबद्दल पडतो. मी तेव्हा "टिकतो की" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायला मला पुढची दोन-तीन वर्षं आणि बऱ्याच बाटल्या लागल्या.

मुळात हे पेय तयार कसं होतं ते आप्पांना समजावताना मलाच जास्त समजलं. आधी आंबट द्राक्षांची साधी, पातळ वाईन करायची. ती तशी प्यायली तर दात आंबतात. मग ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून वर पक्कं बूच. बंद बाटलीत ती पुन्हा आंबते. इडलीचं पीठ रात्रीतून फुगून भांड्याबाहेर येतं. इथे बाहेर यायला जागाच नाही, म्हणून तो वायू वाईनमध्येच विरघळून बसतो. दाब सहा अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत जातो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या अडीच-तीन पट. साखर संपली की यीस्ट मरतं, गाळ होऊन तळाशी बसतं. खरी गंमत इथून पुढे. हा मेलेला गाळ महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं वाईनला चिकटून राहतो आणि हळूहळू विरघळत तिला भाजलेल्या पावाचा, बिस्किटाचा वास देतो. शेवटी बाटली उलटी करत करत गाळ मानेशी आणायचा, मान गोठवून बूच काढायचं, गाळ उडून जातो. रिकाम्या झालेल्या जागेत थोडी वाईन आणि चवीपुरती साखर घालून कायमचं बूच लावायचं.

फ्रान्समधला शॅम्पेन प्रांत असो की ससेक्स, पद्धत हीच. द्राक्षंही तीच तीन: शार्डोने, पिनो न्वार, पिनो मुनिए. यातली दोन काळी आहेत, तरी वाईन पांढरी, कारण रंग सालीत असतो, रसात नसतो. म्हणून तर घड अख्खे, हातानेच तोडायचे आणि हलकेच पिळायचे. हे सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "मग बादलीत आपटतात कशाला?"

पद्धत एक, वाण एक, आणि माती? इंग्लंडमध्ये कुठल्याही मळ्यात गेलात तर दहाव्या मिनिटाला कुणीतरी खडूबद्दल बोलतं. दक्षिण इंग्लंडच्या टेकड्या खडूच्या. सेव्हन सिस्टर्सचे ते पांढरेशुभ्र कडे समुद्रात तुटतात, तोच थर इंग्लिश खाडीखालून फ्रान्समध्ये निघतो. खाडीतला रेल्वेचा बोगदादेखील त्याच खडूच्या थरातून खणला आहे. शॅम्पेनमधल्या रीम्स शहराखाली रोमन काळात या खडूच्या खाणी होत्या. आज शॅम्पेनची बडी घराणी त्याच पोकळ्यांत बाटल्या ठेवतात. खडू पावसाचं पाणी पिऊन ठेवतो आणि वेलीला लागेल तसं देतो, वर चिखल होऊ देत नाही. गोष्ट खरी आहे, पण ती जरा जास्तच सांगितली जाते. इंग्लंडमधलं सगळ्यांत गाजलेलं नाव नायटिंबर. त्यांचा मूळ मळा खडूवर नसून हिरवट वाळूच्या दगडावर आहे. शेजारच्या केंट परगण्यातल्या गसबर्न मळ्याकडे चिकणमाती आणि वाळू. दोघांच्याही वाईनला नावं ठेवायला जागा नाही. तेव्हा खडूवर किती श्रद्धा ठेवायची ते ज्याने त्याने ठरवावं. मला खडूपेक्षा आकाश महत्त्वाचं वाटतं: शॅम्पेन 49 अक्षांशावर, ससेक्स 51 च्या जवळ. या दोन अंशांच्या फरकात बरंच काही आहे.

इंग्रजांना खडूपेक्षाही आवडणारी दुसरी गोष्ट म्हणजे ख्रिस्तोफर मेरेट. ग्लॉस्टरशरमधल्या विंचकंबचा हा डॉक्टर. 17 डिसेंबर 1662 रोजी त्याने रॉयल सोसायटीत एक निबंध वाचला. त्यात तो म्हणतो, आपले वाईनवाले हल्ली सगळ्या वाईनमध्ये भरपूर साखर आणि काकवी घालतात, म्हणजे ती तरतरीत आणि फसफसती होते. शॅम्पेनचा जनक म्हणवला जाणारा साधू दॉम पेरिन्याँ तिथल्या ओव्हिलेरच्या मठात आला 1668 साली, म्हणजे सहा वर्षांनी. आणि तो बिचारा बुडबुडे यावेत म्हणून नव्हे, येऊ नयेत म्हणून धडपडत होता. बुडबुडे म्हणजे बिघडलेली वाईन. 'मी तारे पितोय' हे त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य एकोणिसाव्या शतकातल्या जाहिरातवाल्यांचं.

म्हणजे शॅम्पेन इंग्रजांनी शोधली? इथल्या पबमध्ये दोन ग्लास झाले की हे हमखास ऐकू येतं. पण मेरेटने कुठे म्हटलं आहे की हे मी केलं? तो बाजारात चाललेली लबाडी नोंदवत होता. त्याहून मला खरी वाटते ती काचेची गोष्ट. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. जहाजांना लाकूड हवं होतं. भट्टीवाले दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची आच जास्त, म्हणून काच जाड आणि चिवट झाली. शॅम्पेनमधून पिंपांत आलेली वाईन लंडनमध्ये या बाटल्यांत भरली जाई आणि उन्हाळा आला की आत पुन्हा आंबू लागे. बाटली फुटत नसे. फ्रेंच बाटल्या मात्र पुढे कितीतरी काळ फुटतच राहिल्या. तिथल्या तळघरांतले कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून काम करत. एकाची द्राक्षं, दुसऱ्याची काच, आणि मधल्या मध्ये पिणाऱ्यांना लागलेली चटक. यात श्रेय कुणाला द्यायचं, हा दोन जावांचा वाद आहे. आपण मध्ये पडू नये.

आताच्या मळ्यांची कथा अगदी ताजी आहे. 1952 साली हॅम्पशरमधल्या हॅम्बल्डनला एका निवृत्त मेजर जनरलने वेली लावल्या, तिथून सुरुवात मानतात. पुढची तीस-पस्तीस वर्षं हा निवृत्त लोकांचा छंदच होता. बहुतेक पातळ, गोडसर पांढरी वाईन. मग 1988 मध्ये शिकागोहून आलेल्या स्टुअर्ट आणि सँडी मॉस या जोडप्याने ससेक्समध्ये नायटिंबरला शॅम्पेनच्या तीन जाती लावल्या. जाणकारांचा सल्ला होता की इथे सफरचंद लावा. त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या पहिल्याच, 1992 च्या वाईनने सुवर्णपदक मिळवलं. 2010 मध्ये डिकँटर मासिकाच्या जागतिक स्पर्धेत ससेक्समधल्याच रिजव्ह्यूची बाटली सर्वोत्तम फसफसती वाईन ठरली. तोवर हा मान शॅम्पेनबाहेर कधी गेला नव्हता. 2018 मध्ये नायटिंबरच्या शेरी स्प्रिग्ज यांना इंटरनॅशनल वाईन चॅलेंजने वर्षातला सर्वोत्तम स्पार्कलिंग वाईनमेकर म्हणून निवडलं, तेव्हा त्या पहिल्या बाई तर होत्याच, शॅम्पेनबाहेरच्याही पहिल्या. 2025 मध्ये त्याच स्पर्धेत नायटिंबरची 2016 सालची, निव्वळ शार्डोनेची वाईन अव्वल आली.

पदकांची ही यादी मी एकदा आप्पांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "कृषी प्रदर्शनात पयला नंबर आलेला भोपळा कोणी खातं का?"

बरोबर आहे. म्हणून मग एका शनिवारी घरीच बसलो. आठ माणसं, चार बाटल्या. माझ्या मुलाचे फुटबॉलचे लांब मोजे बाटल्यांवर चढवले. एक ससेक्सची, एक केंटची, एक रीम्सच्या बड्या घराण्याची नेहमीची शॅम्पेन आणि एक सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाने मिळणारी स्वस्त शॅम्पेन. सोबत बटाटेवडे. हे आधी सांगायला हवं: तळलेलं, खारट आणि गरम यांच्याबरोबर आंबट, थंड आणि बुडबुड्यांचं पेय जेवढं जमतं तेवढं दुसरं काही जमत नाही. इंग्रज ही वाईन तळलेल्या मासळीबरोबर पितात ते उगाच नाही. फक्त चटणी बेताने घ्या, लसूण जिंकते.

ऑफिसातली, फ्रान्समधल्या लिऑन शहराची मैत्रीण आली होती. तिने आल्या आल्या जाहीर केलं की मी डोळे मिटून शॅम्पेन ओळखते. तिने सगळ्यांत पातळ आणि बोचरी बाटली बाजूला काढली: "ही इंग्लिश." मोजा काढला तर ती सुपरमार्केटची शॅम्पेन. हशा पिकला. पुण्याचा आमचा एक मित्र प्रत्येक ग्लासानंतर "हे इनो, आणि हे लिंबू घातलेलं इनो" एवढंच म्हणत होता. त्याला जमेत धरू नये.

माझं काय झालं ते जास्त महत्त्वाचं, कारण फजिती माझीही झाली. मी केंटला पहिला नंबर दिला. हिरव्या सफरचंदाची फोड नुकतीच कापावी तसा वास, पाठोपाठ लिंबाच्या सालीचा कडसरपणा, आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना सुटलेलं पाणी. ससेक्स दुसरी. बड्या घराण्याला मी तिसऱ्या नंबरवर टाकलं: गोलमटोल आहे, गोडसर आहे, पण बोलत काही नाही. मग गप्पा रंगल्या, वडे संपले. तासाभराने टेबल आवरताना बड्या घराण्याच्या ग्लासात उरलेला घोट सहज प्यायले आणि खाली बसले. मी ती वाईन फ्रीजमधून काढून बर्फासारखी गार वाढली होती, तोंड उघडायला वेळच दिला नव्हता. आता तीत भाजलेला बदाम होता, सुकं अंजीर होतं, लोण्यात परतलेला पाव होता, आणि सगळ्यांच्या मागे जुन्या लाकडी कपाटासारखं काहीतरी. केंटची वाईन अजून तशीच तरतरीत होती, पण पहिल्या मिनिटाला जे सांगितलं तेच ती तासानंतरही सांगत होती.

हा फरक कसला, हे शोधताना मला मराठीतलाच शब्द पुरला. मुरणं.

शॅम्पेनवाल्यांकडे मुरलेला माल आहे. त्यांच्याकडे दर वर्षी थोडी वाईन मागे ठेवायची पद्धत आहे. चांगल्या वर्षाची, वाईट वर्षाची, या गावची, त्या गावची. नवी वाईन करताना त्यात जुन्या वर्षांच्या वाईन मिसळतात. क्रुगसारखं घराणं एका मिश्रणात दहाहून अधिक वर्षांच्या शंभराहून जास्त वाईन घालतं. माझी आजी लिंबाच्या लोणच्याची बरणी कधी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही. तळाचं काळं झालेलं चार फोडींचं लोणचं नव्या बरणीत पडायचंच. नव्या लोणच्याला त्याने अक्कल येते, असं ती म्हणायची. इंग्लंडकडे तळाची बरणीच नव्हती. कालपरवा सुरू केलेला मळा, पहिली दहा वर्षं बँकेचे हप्ते, त्यात वाईन मागे कोण ठेवणार? म्हणून बरीच वर्षं इथल्या बाटल्यांवर एकेका सालाचा आकडा असायचा. लोकांना वाटे, ही ऐट आहे. ती अडचण होती. आता नायटिंबर आणि इतरांनी वेगवेगळ्या सालांचं मिश्रण करायला घेतलं आहे, आणि ते चवीत कळतंसुद्धा. पण साठा पैशाने एका रात्रीत उभा राहत नाही.

इंग्रजी वाईनने मधल्या काळात आंबटपणा आवरण्याची दुसरी युक्ती केली. द्राक्षात जे बोचरं आम्ल असतं ते सफरचंदातलं आम्ल. जिवाणू लावले की त्याचं दह्यातल्या मऊ आम्लात रूपांतर होतं. शॅम्पेनमध्येही बहुतेक जण हे करतात. इथे गारव्याच्या वर्षी हे केल्याशिवाय तोंडात घालवत नाही, आणि उबेच्या वर्षी केलं तर वाईनचा कणाच मोडतो. कुठल्या वर्षी कुठे थांबायचं, हे इथले लोक अजून शिकताहेत. काही बाटल्या मला अजूनही कैरी-डाळीसारख्या लागतात, आणि मी हे तक्रार म्हणून सांगत नाहीये.

मग टिकतो का माल? माझं मत असं: वीस-पंचवीस पौंडांत सुपरमार्केटची शॅम्पेन घेण्यापेक्षा पाच-दहा पौंड जास्त टाकून इंग्लिश घ्यावी, यात मला आता शंका नाही. त्या किमतीच्या शॅम्पेनमध्ये तुम्ही नावाला पैसे देता. मधल्या पातळीवर बरोबरी आहे, तुमच्या जिभेला तरतरी हवी की गोलाई, एवढाच प्रश्न. अगदी वरच्या, दहा-पंधरा वर्षं तळघरात राहिलेल्या बाटल्यांत शॅम्पेन अजून पुढे आहे. प्रश्न तिथे कौशल्याचा नाही, जुन्या वर्षांचा आहे.

पण याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती शॅम्पेनवाल्यांची झोप उडवते. आंबटपणा हे त्यांचं भांडवल, आणि तेच उतरत चाललंय. तिथली तोडणी तीस वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे अडीच-तीन आठवडे अलीकडे आली आहे. 2003 मध्ये ती ऑगस्टमध्ये सुरू झाली तेव्हा नवल वाटलं होतं. 2018 आणि 2020 मध्ये पुन्हा तसंच झालं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. ऊन वाढलं की साखर भराभर चढते, आम्ल पळतं, आणि द्राक्ष नाशिकच्या दिशेने सरकतं. आम्ही ज्या गोडीसाठी देव पाण्यात घालतो, ती त्यांना नकोय.

म्हणून मग 2015 मध्ये तेतांजे घराण्याने केंटमध्ये, कँटरबरीजवळच्या चिलमला जमीन घेतली. जमीन कसली होती? सफरचंदाच्या बागेची! मॉस जोडप्याला दिलेला सल्ला असा फिरून परत आला. 2017 मध्ये वेली लागल्या, पहिली बाटली 2025 मध्ये बाजारात आली. मळ्याचं नाव दोमेन एव्हरमाँ. सेंत एव्हरमाँ हा फ्रान्सच्या राजाची मर्जी खप्पा झाल्याने पळून लंडनला आलेला साहित्यिक. दुसऱ्या चार्ल्सच्या दरबाराला शॅम्पेनची गोडी त्याने लावली आणि तो पुरला आहे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत. पोमेरी घराणंही हॅम्पशरमध्ये येऊन बसलं आहे. शॅम्पेनमध्ये हेक्टरभर मळ्याला दहा लाख युरोच्या वर मोजावे लागतात, इथे जमीन कैक पटींनी स्वस्त, हेही कारण आहेच. पण स्वस्त जमीन जगात पुष्कळ ठिकाणी मिळते. आंबट द्राक्ष मिळत नाही.

याच तेतांजेंनी 1993 मध्ये लंडनच्या कोर्टात सरेमधल्या एका छोट्या कंपनीला 'एल्डरफ्लॉवर शॅम्पेन' हे नाव वापरण्यापासून रोखलं होतं. फुलांचं बिनदारूचं सरबत ते, बाटली अडीच पौंडांना. पण नाव म्हणजे नाव. हे नाव फ्रेंच इतकं जपतात, आणि आमच्या पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावात शामराव चौगुल्यांच्या कंपनीचं नावच मुळी शॅम्पेन इंडेज होतं! 1980 च्या दशकात पिपर-हायड्सिक या शॅम्पेन घराण्याच्या तांत्रिक मदतीने त्यांनी फसफसती वाईन केली, ती 'ओमर खय्याम' नावाने इंग्लंडमध्येही विकली जायची. म्हणजे नायटिंबरची पहिली बाटली यायच्या कितीतरी आधी लंडनकर जुन्नर तालुक्यातले बुडबुडे पीत होते. आप्पांना ही कंपनी आठवते. ते म्हणतात, "लोक हसायचे, की दारूला द्राक्ष घालतात म्हणून." इंग्रजांची नावाची अडचण मात्र अजून सुटलेली नाही. 'इंग्लिश स्पार्कलिंग वाईन' म्हणजे सरकारी फॉर्मवरचा रकाना वाटतो. कुणी 'ब्रिटान्य' सुचवलं, कुणी 'मेरेट'. कुणी मागितलं नाही. त्यात 'ब्रिटिश वाईन' ही वेगळीच वस्तू, बाहेरून आणलेल्या आटवलेल्या रसाची. इंग्लिश आणि ब्रिटिश यांतला फरक जगाला एरवीच कळत नाही, बाटलीवर कुठून कळणार?

भाव जास्त का, हे मात्र आप्पांना मी समजावण्याआधीच समजलं होतं. त्यांनी वेलीवरचे घड मोजले होते. मी म्हटलं, इथे सरासरी एकरी दीड टन निघतो. शॅम्पेनमध्ये चार टनांच्या आसपास. आप्पा निर्यातीचा माल एकरी आठ-दहा टन काढतात. "दीड टन?" त्यांनी दोनदा विचारलं. "आणि खातात काय?" शिवाय वर्ष हातचं जायची भीती आहेच. 2012 चा उन्हाळा इतका पावसाळी आणि गार गेला की नायटिंबरने द्राक्षं तोडलीच नाहीत. अख्ख्या वर्षाची वाईन केली नाही. अवकाळीने लोळवलेली बाग ज्याने पाहिली आहे त्याला याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. फरक एवढाच की आप्पांना तो माल तोडून बेदाण्याला तरी घालावा लागतो.

आणि एप्रिल-मेमधलं दहिवर. कोवळी फूट निघालेली असते आणि एका रात्री पारा शून्याखाली जातो. मग मळेवाले मध्यरात्री उठून ओळींमधून मेणाचे डबे पेटवत जातात. एकरी शंभर-सव्वाशे डबे. लांबून बघितलं तर डोंगरावर दिवाळी. मी त्याचे फोटो आप्पांना पाठवले होते. निफाडची थंडी वेगळ्या वेळी येते, डिसेंबर-जानेवारीत मणी भरत असताना, पण इलाज तोच. पहाटे ठिबक सोडायचं, बांधावर शेकोट्या करायच्या, धूर बागेत धरून ठेवायचा, नाहीतर मण्यांना तडे.

गेल्या थंडीत आप्पांचा फोन आला तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा होते, म्हणजे तिकडे पहाटेचे चार. आवाजावरून कळलं, बागेत आहेत.

"त्या मेणाच्या डब्याला किती पडतात गं?"

मी सांगितलं. त्यांनी मनात गुणाकार केला. "राहू दे. उसाचं पाचट बरंय." मग म्हणाले, "त्या बाईचा माल गेला का? आपण तोडलेला?"

"नाही आप्पा. बाटलीत आहे अजून. तळघरात. 2022 चा माल, त्या म्हणतात आणखी वर्षभर तरी ठेवीन."

"आणि पैसे?"

"बाटली विकेल तेव्हा."

पलीकडून काही आवाज आला नाही. नुसतं पाचट तडतडल्याचं ऐकू येत होतं.

"इथं व्यापारी माल उचलून तिसऱ्या दिवशी पळून जातो," आप्पा म्हणाले, "आणि ही बाई चार वर्षं स्वतःच धरून बसलीय. तिला म्हणावं, मी घड आपटले नव्हते." मग लगेच, कुणाला तरी ओरडून, "अरे तिकडच्या कोपऱ्याला टाक, वारं फिरलंय!" आणि फोन ठेवून दिला.